जनरलचं अठरावं प्रकरण

१

फाईल हरवल्याचं कळलं तेव्हा आम्ही सगळे चहा पीत होतो. भैरवीनं कपाट उघडलं, वरच्या फळीवर हात फिरवला, मग खालच्या फळीवर, आणि मग ती आमच्याकडं वळली.

"इथंच होती," ती म्हणाली. "सकाळी इथंच होती."

लाल कापडी बांधणीची फाईल. आत विष्णुपंत सरांच्या पुस्तकाचं अठरावं, म्हणजे शेवटचं प्रकरण. आधीची सतरा प्रकरणं टाईप होऊन छापखान्यात पोचली होती. अठरावं न्यायला प्राध्यापक कृष्णराज धाराशिवहून मुद्दाम आले होते. ते सरांचे जुने विद्यार्थी. पुस्तक तेच काढणार होते. ते बशी खाली ठेवून कपाटाकडं धावले.

"सापडेल हो," मी म्हणाले. "घरातली वस्तू घरातच असते."

मी डॉक्टर आहे. तुळजापुरात तीस वर्षं दवाखाना चालवते आणि लोकांचं खोटं रोज ऐकते. गोळ्या घेतल्या म्हणतात, घेतलेल्या नसतात. तेव्हा खोटं मला लगेच कळतं, असा माझा समज होता. विष्णुपंत सर माझे शाळेतले इतिहासाचे शिक्षक आणि आता माझे पेशंट. वय शहाऐंशी, डोळे पाच वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून ते सांगत आणि त्यांची मुलगी भैरवी लिहून घेई; आणि हृदय आता जाण्याच्या बेतात होतं. त्यांना आठवडा काढता आला तरी पुष्कळ, हे मी भैरवीला, म्हणजे माझ्या शाळामास्तरीण मैत्रिणीला, आणि तिच्या धाकट्या भावाला, वरदला, आदल्याच दिवशी सांगितलं होतं.

जमिनीवर घोंगडीवर पडलेल्या सरांनी मान उचलली. "काय झालं? फाईल कुठाय?"

"सापडत न्हाई, अण्णा," भैरवी म्हणाली. वरद उठला आणि त्यानं बाहेरच्या दाराला कडी घातली.

"फाईल मिळंपर्यंत कुणी बाहेर जायचं न्हाई," तो म्हणाला आणि सरळ कृष्णराजांकडं बघत राहिला.

२

आम्ही दोन तास शोधलं. कपाटं, माळा, गहू ठेवायची कोठी, देवघरामागची फट. कामाला येणाऱ्या गौराबाईनं पाण्याच्या टाकीत हात घालून पाहिलं. मागच्या खोलीत गुंडाळलेल्या गाद्या-उशांचा ढीग पांढऱ्या चादरीखाली होता. त्याच्या अलीकडचं, पलीकडचं, वरचं सगळं पाहून झालं. शेवटी वरदनं स्वतःची पूजेची पिशवी आमच्यासमोर उलटी केली. कृष्णराजांनी रागारागानं आपली बॅग उघडून दाखवली.

त्या दिवशी भाद्रपद वद्य अष्टमी होती. संध्याकाळी देवी पलंगावर निजणार. नवरात्राआधीचे हे निद्रेचे दिवस आमच्या गावातल्या पुष्कळ घरांत पाळतात: देवी पलंगावर आणि माणसं जमिनीवर. गादीला, उशीला हात लावायचा नाही. माझ्या लिंगायत माहेरीही आई उशा उचलून ठेवायची. वरद तर उपाध्येपण करणारा. त्याच्या घरात हे नियम भिंतीइतके पक्के. म्हणून आजारी सरसुद्धा घोंगडीवर होते.

आता त्या जनरलबद्दल सांगते, नाहीतर तुळजापुरात पोलंडचा जनरल कुठून आला असं वाटायचं.

युद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सरांचे वडील तिथं कारकून. सर नऊ-दहा वर्षांचे होईतो त्या पोरांत खेळले, त्यांची भाषा बोलले. जाताना एका पोलिश बाईनं त्यांच्या हातात जनरल यान व्होलिन्स्कीच्या चरित्राची पातळशी पुस्तिका ठेवली. सर त्या माणसाच्या मागं लागले ते आजतागायत.

व्होलिन्स्कीची गोष्ट अशी. त्या वेळी पोलंडचा राजा म्हणजे रशियाचाच झार. म्हणून जनरलनं तरुणपणी झारची शपथ घेतली. पुढं पोलंड झारविरुद्ध उठला, तेव्हा त्यानं उठावाचीही शपथ घेतली. राजधानी वॉर्सा पडली त्या पहाटे शहराच्या एका फाटकाची किल्ली त्याच्याकडं होती. फाटक उघडलं गेलं. ते त्यानं उघडलं का, उघडलं तर फितुरीनं की शहर जळू नये म्हणून, हे कुणालाच नक्की ठाऊक नाही. दोन पिढ्या त्याच्या थडग्यावर थुंकल्या, तिसरीनं फुलं वाहिली. सरांनी तीस वर्षं पत्रं लिहून, कागद मागवून, कोश घेऊन हा माणूस उभा केला. त्यांचा निवाडा अठराव्या प्रकरणात येणार होता.

दर महिन्याला मी छातीला नळी लावली की सर तीच गोष्ट सांगायचे. "पहाट झाली होती. तोफांचा धूर फाटकापर्यंत आला होता. जनरलनं किल्ली उजव्या हातातून डाव्या हातात घेतली..." आणि इथं थांबून मिश्कील हसायचे. "बाकीचं पुस्तकात वाच." मी म्हणायचे, सर, श्वास घ्या. म्हातारी माणसं तेच ते सांगतात. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

निघताना सरांनी माझं मनगट पकडलं. नुसती हाडं उरली होती, पण पकड छडी धरणाऱ्या मास्तरांचीच.

"शिवलीला, अठरावं एकदा मला वाचून दाखवा. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग खुशाल न्या. मी बरोबर न्याय केला का, एवढं मला ऐकायचंय."

मी हो म्हणाले. त्या माणसाला आयुष्यात मी कधी नाही म्हटलेलं नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी वरद पोलिसात जायला निघाला. त्याला मी दवाखान्याच्या दारातूनच परत पाठवलं. "सरांच्या उशाशी हवालदार बसवणार आहेस का? मला चार दिवस दे." तो धुसफुसत गेला. त्याचा सगळा संशय कृष्णराजांवर, म्हणून मी त्यांनाच आधी बोलावलं.

कृष्णराज पेशंटच्या स्टुलावर बसले. गोरेपान, नीटनेटके, आणि आपण शहाणे आहोत हे विसरू न देणारे.

"मी चोरेन कशाला? मला तर ते मिळणारच होतं."

"स्वतःच्या नावावर छापायला," मी म्हणाले. आडपडदा मला जमत नाही.

ते चिडले नाहीत. उलट थकल्यासारखे दिसले. "डॉक्टर, सतरा प्रकरणं माझ्याकडं दोन वर्षं आहेत. तेव्हाच छापता आलं असतं. मी शेवटच्या प्रकरणासाठी थांबलोय. मागच्या दिवाळीत सरांचा फोन आला, काय आनंदात होते! 'कृष्णराज, कालच अठरावं संपलं.' फाटकाचा प्रसंगही सांगितला, किल्ली डाव्या हातात घेतली इथवर. पुढं विचारलं तर म्हणाले, बाकीचं पुस्तकात वाच."

"मग दिवाळीतच का नेलं नाहीत?"

"भैरवीताई म्हणाल्या, सुवाच्य प्रत करतेय. दोन महिने थांबा. मग म्हणाल्या, मान दुखते, आणखी थांबा. शेवटी म्हटलं, अक्षर कसंही असू दे, मीच येऊन नेतो." ते उठले. "घरातच शोधा. त्या घरात एका माणसाला हे पुस्तक नकोय. त्यानं ते माझ्यासमोर बोलून दाखवलंय."

"कोण?"

"वरद. गेल्या वर्षी म्हणाला, हे सगळं एकदा बंबात घालून पाणी तापवलं पाहिजे."

४

वरदनं बोलल्याचं नाकारलं नाही.

"व्हय, बोललो," तो म्हणाला. आम्ही त्यांच्या घराच्या पायरीवर बसलो होतो, आत सर झोपले होते. "डॉक्टरताई, मी आठवीत व्हतो तेव्हा मला टायफॉइड झाला. अण्णा उशाला बसून कोश उघडून त्या जनरलची पत्रं वाचत व्हते. आईला हाक मारून सांगितलं, ह्याला पाणी दे. स्वतः उठले न्हाईत. घरची उपाध्येपणाची जबाबदारी माझ्या गळ्यात टाकली आणि आपण पोलंडला निघून गेले. त्या मेलेल्या माणसाचा न्याय करायला तीस वर्षं. आमचा न्याय कोण करणार?"

"म्हणून फाईल जाळलीस?"

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली.

"जाळणार व्हतो एकदा. अक्षय्य तृतीयेला. कपाट उघडलं, फाईल हातात घेतली. तेवढ्यात अण्णा म्हणाले, वरद आहेस का रे? ये, बस. कालच शेवटचं प्रकरण संपवलं बघ. आणि मला पयल्यांदा त्यांनी ती गोष्ट सांगितली. मला, ताई! लहानपणी कधी एक गोष्ट सांगितली न्हाई. फाटकाचा धूर काय, किल्ली काय. मी ऐकत बसलो. पुढं काय झालं म्हटलं, तर म्हणाले, पुस्तकात वाच." त्यानं उपरण्यानं नाक पुसलं. "फाईल परत ठेवली. आता मलाच वाचायचंय ते."

मी पायरीवरून उठले तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी खुपत होतं. कृष्णराजांना दिवाळीत 'कालच संपलं'. वरदला अक्षय्य तृतीयेला 'कालच संपलं'. दोघांपैकी एकजण खोटं बोलत होता, आणि दोघांचेही चेहरे खरं बोलणाऱ्या माणसांचे होते.

आतून सरांची हाक आली. मी गेले. त्यांनी तोंड माझ्याकडं वळवलं.

"शिवलीला, आज कृष्णराज येणार ना? भैरवीला सांग, कपाटातली फाईल काढून ठेव."

"सर, फाईल हरवलीय. काल सांगितलं ना."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. "हरवली? कधी? मला कुणी सांगितलं का नाही?" आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले, जणू ही बातमी त्यांनी आत्ताच ऐकली होती.

मी ताप पाहिला. थोडा होता. तापात माणूस विसरतो, असं मी स्वतःला समजावलं.

५

गौराबाई जवळच्या वाडीवरून येते. तिला विचारायचं म्हणजे आधी तिच्या गुडघ्याचं ऐकायचं. ते ऐकून झाल्यावर मी म्हणाले, "गौराबाई, त्या दिवशी सकाळी कपाटाजवळ कोण गेलं होतं?"

"म्या न्हाय बाई. म्या तर दिसभर भांड्यात. दरसाल ह्या दिसाला गाद्या म्याच गुंडाळते, औंदा ताईच म्हणल्या, तू ऱ्हाऊ दे, तुझं गुडघं दुखत्यात. लई चांगल्या हायती ताई. सालभर ह्ये असं लिवायचं, लिवायचं. दोन म्हैन्याला कागदाचा दस्ता अन् निळ्या रिफिली, म्याच आणून देते उत्तरेश्वरच्या दुकानातनं."

"कुठपर्यंत आणत होतीस?"

"मागल्या आठवड्यातबी आणला की."

"पण लिहून तर संपलं होतं ना?"

"व्हय की!" गौराबाई हसली. "पोळ्याच्या दुसऱ्या दिशी मास्तर मलाच म्हणले, गौरा, कालच संपलं बघ माजं पुस्तक. मला ती किल्लीची कथाबी सांगितली. उजव्या हातातनं डाव्या हातात घेतली म्हणं. पुढचं न्हाय सांगितलं. म्हणले, पुस्तकात वाच. मला मेलीला कुठं वाचता येतं?"

दिवाळी, अक्षय्य तृतीया, पोळा. तीन वेळा संपलेलं प्रकरण. तिघंही खरं बोलत होते, आणि तरी मला अर्थ लागेना. मी स्वतःला शहाणी समजते. शहाणपण असं की समोरचं दिसत नाही.

पाचव्या दिवशी सरांच्या पाठीला जखम दिसली. घोंगडी खरखरीत, अंगावर मांस नाही. मी म्हणाले, "आता पुरे. ह्यांना गादीवर घ्या. निदान पाठीखाली एक."

वरद घुटमळला. मग म्हणाला, "घ्या. आजाऱ्याला दोष न्हाई. मी देवीची क्षमा मागीन."

"न्हाई!" भैरवी एवढ्यानं ओरडली की सर दचकले. "देवी निजलीय. अण्णांनी जन्मभर पाळलंय. शेवटी त्यांचा नेम मोडू नका. मी शाली घालते, चार घड्या करून घालते, पण गादी न्हाई."

ती धावत शाली आणायला गेली. मी तिच्या मानेला बांधलेल्या पट्ट्याकडं बघत राहिले. गेल्या वर्षी ह्याच दिवसांत भैरवी माझ्या दवाखान्यात येऊन म्हणाली होती, "शिवा, उशीशिवाय मान धरते. मी गपचूप उशी घेऊन निजते, वरदला सांगू नको." आम्ही दोघी हसलो होतो. त्याच भैरवीला आज बापाच्या पाठीच्या जखमेपेक्षा नेम मोठा झाला होता. नेम पुजाऱ्यानं सोडला आणि मास्तरणीनं धरला.

ह्या गावात निद्रेच्या दिवसांत एखादी वस्तू लपवायची तर सगळ्यात पक्की जागा कोणती? जिथं एकही माणूस हात लावणार नाही ती. आम्ही टाकीत हात घातला, कोठीत घातला, आणि गाद्यांच्या ढिगाला वळसा घालून पुढं गेलो. परगावच्या हवालदारानं पहिल्यांदा तिथंच पाहिलं असतं. ही चूक आम्ही तुळजापूरकरच करू शकत होतो.

मी मागच्या खोलीत गेले, दार लोटलं, चादर बाजूला केली. देवीला मनात म्हटलं, माफ कर. आणि सर्वांत आतल्या गादीची सुतळी सोडली.

६

लाल फाईल गादीच्या पोटात होती. चांगली दोन बोटं जाड.

पहिलं पान काढलं. वर भैरवीच्या वळणदार अक्षरात तारीख, दोन वर्षांपूर्वीची. खाली, 'प्रकरण अठरावे. पहाट झाली होती. तोफांचा धूर फाटकापर्यंत आला होता...' पान संपता संपता जनरलनं किल्ली डाव्या हातात घेतली.

मी दुसरं पान घेतलं. वर तारीख, पहिल्यानंतर चार दिवसांनी. 'प्रकरण अठरावे. पहाट झाली होती. तोफांचा धूर...'

तिसरं. 'पहाट झाली होती.'

मी मधूनच एक काढलं, मग शेवटचं. तेच. कुठं एखादा शब्द इकडंतिकडं, कुठं धुराच्या जागी धुकं. प्रत्येक पान डाव्या हाताशी येऊन थांबलेलं, त्याखाली कोरी जागा. एकूण दोनशे चौदा पानं.

तेव्हा सगळं जुळलं, आणि जुळलं नसतं तर बरं झालं असतं. प्रकरण तीन वेळा संपलं नव्हतं. ते एकदाही संपलं नव्हतं. सर ते दर तीन-चार दिवसांनी नव्यानं सुरू करत होते आणि दर वेळी 'संपलं' म्हणून समाधानानं झोपत होते. 'बाकीचं पुस्तकात वाच' हा मिश्कीलपणा नव्हता. बाकीचं त्यांच्याकडं नव्हतंच.

दर महिन्याला मी त्यांचं हृदय ऐकलं आणि माणूस ऐकला नाही. ह्याला कुठली सबब आहे? मला एकही सापडत नाही.

दार वाजलं. भैरवी शाली घेऊन उभी होती. तिनं माझ्या मांडीवरची फाईल पाहिली आणि ती खाली बसली, गाद्यांना टेकून.

"शिवा, वरदला सांगू नको," ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "आता सांगावं लागंल, न्हाई का."

"केव्हापासून?"

"सतरावं झालं तवापासून. पहिल्यांदा मला वाटलं, सुधारून सांगतायत. मग वाटलं, थकलेत. महिन्यानं कळलं. त्यांना म्हटलं, अण्णा, हे कालच झालं. ते इतके घाबरले, शिवा. म्हणाले, झालं? मग पुढचं काय सांगितलं मी? मला काही सांगता आलं न्हाई. दुसऱ्या दिवशी ते विसरले, आणि मी पुन्हा कधी काढलं न्हाई. लिही म्हणले की लिहायचं."

"नुसतं पेन फिरवायचं होतंस. त्यांना कुठं दिसतं?"

"ते सांगतात आणि मी लिहीत न्हाई, असं कसं करू?" तिला माझा प्रश्नच कळला नाही. "गावात अण्णांची ओळख काय? सनावळ्या. झोपेतनं उठवलं तरी तारीख सांगतील. आता कृष्णराज ही फाईल उघडणार, प्रकाशनाला पोलंडचे पाहुणे येणार, त्यांच्यासमोर काय, की विष्णुपंत मास्तरांचं डोकं गेलं? आणि इकडं अण्णा रोज म्हणतात, अठरावं वाचून दाखव. त्यांचं नाव सांभाळू का त्यांची इच्छा पुरी करू? दोन्ही अण्णाच. मी कुणाशी इमान राखायचं?"

"जाळून टाकायची होतीस."

"कशी जाळू? त्यांनी सांगितलेलं हाय."

मी म्हणाले, "भैरवी, आपण लिहू. तू आणि मी. दोन पानं. फाटक उघडलं, शहर वाचलं, असं काहीतरी. ऐकून शांतपणे जातील."

तिनं मान हलवली. पट्ट्यामुळं ती जेमतेम हलली. "उघडलं का न्हाई ते मला ठाऊक न्हाई. सतरा प्रकरणं मी लिहून घेतली, एकाही ठिकाणी अण्णांनी आधी सांगितलं न्हाई. त्यांचा निवाडा मी कुठनं आणू? खोटा दिला तर तीस वर्षं पाण्यात."

"तीस वर्षं अशीही पाण्यातच गेलीत," मी म्हणाले. हे बोलायला नको होतं.

७

वरदला सांगितलं. त्याला रागावता आलं असतं तर त्याचं बरं झालं असतं. तो देवघरात जाऊन बसला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. कृष्णराजांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. "सतराच छापतो," म्हणाले, आणि फोन ठेवून दिला. म्हणजे जनरल आता कायमचाच फाटकापाशी उभा राहणार.

अमावस्येच्या दुपारी सरांचे पाय गार पडायला लागले. शुद्ध मात्र स्वच्छ होती. कधीकधी शेवटी अशी येते. मी, भैरवी, वरद तिघंही जवळ होतो.

"फाईल सापडली म्हणे," सर म्हणाले. कुणीतरी हळू बोललेलं त्यांनी ऐकलं असावं. "मग वाच की गं."

भैरवीनं माझ्याकडं पाहिलं. मग तिनं सर्वांत वरचं पान घेतलं आणि वाचलं. तिचा आवाज चांगला आहे, शाळेत कविता शिकवलेला. सर डोळे मिटून ऐकत होते. धूर आला, फाटक आलं, किल्ली आली. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला वाटलं, देवा, इथंच थांबव.

"पुढं?" सर म्हणाले.

भैरवीनं पान मांडीवर ठेवलं.

"पुढं वाच. न्याय पुढं आहे."

"एवढंच हाय, अण्णा."

सरांनी तोंड माझ्या बाजूला वळवलं. "शिवलीला, तू सांग. हे मी आधीही लिहून दिलंय का? पुष्कळदा?"

"नाही सर," मी म्हणाले.

"फार लवकर म्हणालीस."

त्यांनी हात पुढं केला. भैरवीनं फाईल मागं ओढली, पण वरदनं ती तिच्या हातातून घेतली आणि सरांच्या छातीवर ठेवली. का ठेवली ते त्यालाच ठाऊक. आज विचारलं तरी सांगत नाही. सरांनी अंगठ्यानं पानांच्या कडा चाचपल्या, वरून खाली, सावकाश, पेपर तपासणारा मास्तर पुरवण्या मोजतो तशा.

"एवढंच आहे म्हणालीस," ते म्हणाले. "मग ही एवढी जाड कशी?"

सरांचा अंगठा पुन्हा पानांच्या कडांवरून फिरला.

"सगळं तेच?"

"हो, अण्णा."

"आणि जनरल? त्याचं काय झालं? उघडलं का त्यानं?"

"तुम्ही सांगितलं न्हाई, अण्णा."

"मलाही ठाऊक नाही," सर म्हणाले. ओरडले नाहीत, रडले नाहीत. नुसते म्हणाले. असा एकटा आवाज मी पुन्हा ऐकलेला नाही, आणि माझ्या दवाखान्यात माणसं मेलेली आहेत. भैरवीनं त्यांचा हात धरला होता, वरदनं पाय. दोन्ही गार होते. मी नाडी बघत बसले, कारण दुसरं काही करण्यासारखं माझ्याकडं नव्हतं.

दहा मिनिटं गेली असतील. मग सरांचं कपाळ सैल झालं. ओठांवर थोडं हसू आलं. त्यांनी छातीवरची फाईल बाजूला सारली, एखादी नको असलेली शाल सारावी तशी.

"भैरवी, आहेस का गं? पेन आहे?" ते म्हणाले. "शेवटचं प्रकरण तेवढं राहिलंय. आज संपवून टाकू."

भैरवीनं तोंडावर पदर धरला. वरद उठला, त्यानं देवघरातला पाट आणून तिच्या मांडीवर ठेवला आणि एक कोरा कागद त्यावर ठेवला.

"लिही," सर म्हणाले.

भैरवीनं पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला घेतलं.